झुंबरच्या टांग्याचे दिवे

झुंबर गांगुर्डेनं आपल्या घोडीला कधी चाबूक लावला नाही. चाबूक होता त्याच्याकडे, चांगला वेताच्या मुठीचा, पण तो नुसता हवेत फटकारायचा. आवाज झाला की हरणी कान टवकारून पाय उचलायची. एकदा नाशिकरोड स्टेशनावरून पंचवटीला निघालेला एक यात्रेकरू घाईला आला. म्हणाला, "अहो, हाणा की तिला, आरती चुकेल माझी." झुंबरनं टांगा भर रस्त्यात उभा केला, खाली उतरला आणि चाबूक त्याच्या हातात दिला. "तुमीच हाणा शेठ. आन् मग तुमीच हाका. मी बसतो मागं." यात्रेकरू बिचारा देवळापर्यंत हूं की चूं बोलला नाही.

ही गोष्ट सांगितली की आमची नातवंडं लोळून हसतात आणि म्हणतात, आबा, अजून एक. झुंबरच्या अशा गोष्टी माझ्याकडे पोतंभर आहेत आणि सांगायला मला फार आवडतात, खोटं कशाला बोलू. पण पोत्याच्या तळाशी एक आहे, ती मी पोरांना सांगत नाही. ती इथं लिहितो. लिहिताना मध्येच कुणी "मग पुढं?" असं विचारत नाही, तेवढं बरं असतं.

मी धोंडीराम, चांदवडकडचा. गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो आणि नाशकात येऊन टांग्याच्या घोड्यांना लसूणघास विकायला लागलो. बहात्तरच्या दुष्काळात झुंबरही तिकडूनच आला, शेजारच्याच गावचा. लोक येताना भांडीकुंडी घेऊन येतात, हा घोडी घेऊन आला. चालत! बायको नवसाबाई घोडीवर, तिच्या मांडीवर बोचकं, आणि आठ-नऊ वर्षांचं पोर बापाच्या बोटाला. झुंबरचा बाप गावात नवरदेवाच्या वरातीची घोडी पाळायचा, हरणी त्याच घोडीची लेक. पंचवटीत माझ्या खोलीला लागून त्याला खोली मिळाली, मध्ये एक कुडाची भिंत. एका म्हाताऱ्या टांगेवाल्याचा जुना टांगा त्यानं घेतला, त्याला दोन्ही बाजूंना पितळी दिवे होते. आतली वात कधी पेटवायची वेळ यायची नाही, कारण झुंबर दिवस मावळला की टांगा सोडायचा. पण दिवे असे लखलखीत ठेवायचा की लोक त्यात बघून भांग पाडायचे. दर शुक्रवारी चिंच आणि राख घेऊन बसायचा. एक दिवा तो घासायचा, एक पोरगा.

पोराचं नाव सहादू. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आमच्याकडची रीत. पण त्यात गोची अशी की सून सासऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही. मग नवसाबाईनं पोटच्या पोराला हाक कशी मारायची? ती त्याला बाबू म्हणायची. बाहेर कुणी नाव विचारलं की म्हणायची, "आमच्या मामंजींचंच." आम्ही मुद्दाम चेष्टा करायचो. "वहिनी, पोराचं नाव सांगा, पेढा देतो." ती पदर तोंडाला लावून आत पळायची.

आता झुंबरची एक आवडती गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. स्टँडवर गिऱ्हाईक नसलं की तो ती रंगवून सांगायचा. चौदा-पंधरा वर्षांचा असताना तो घरातून पळून जत्रेतला तमाशा बघायला गेला. परत आला तर बाप काही बोलला नाही. हाताला धरून सरळ चावडीवर नेलं आणि पोलीस पाटलाला म्हणाला, "पाटील, पोरगं हाताबाहेर गेलं. ह्यानं घरातली जोंधळ्याची गोणी इकली. देवळातली घंटा चोरली." झुंबर ओरडला, "नाय ओ, नाय!" पाटील दटावून म्हणाले, "लिहितो बघ आता. एकदा लिहिलं की लिहिलं!" आणि कोऱ्या कागदावर नुसताच टाक ओढला. मग झुंबरला चावडीच्या खांबाला बांधलं. तो रडला, पाया पडला, नाक घासलं. थोड्या वेळानं पाटलीणबाईंनी ताकभाकरी आणून दिली. दुपारी बाप आला, "सोडा पाटील," म्हणाला, पाटलांनी सोडलं, बाप-लेक मळ्यात गेले. संपलं.

"माझ्या बापानं मला कधी बोट लावलं नाय," झुंबर छाती फुगवून सांगायचा. "पर तवापासून मी सरळ झालो."

गावाकडं ही रीतच होती म्हणा ना. बापानं वाढवून सांगायचं, पाटलानं डोळे वटारायचे, पोरानं रडायचं आणि सगळ्यांनी घरी जेवायला जायचं. खोटं आहे हे चावडीवरच्या कुत्र्यालासुद्धा माहीत असायचं.

तर सहादू वाढला. सिंहस्थ तोंडावर आला होता तेव्हा पंधराचा झाला. ओठावर लव फुटली. गावी असता तर त्या वयात बापानं त्याच्या हातात औत दिलं असतं, चार लोकांत पोरगा बसायला लागला असता. इथं तो सकाळी दप्तर घेऊन निघायचा आणि पेठ नाक्यावरच्या रिक्षाच्या गॅरेजात जाऊन बसायचा. त्या वेळी रिक्षा वाढायला लागल्या होत्या आणि आमच्या टांगेवाल्यांचं गिऱ्हाईक तुटत होतं. झुंबर तर रिक्षा दिसली की तोंड फिरवायचा, म्हणायचा, "ते बघ, डबडं चाललं." आणि त्याचाच लेक त्या डबड्याच्या खाली पाठीवर पडून पाना-पक्कड मागतोय, हे त्याला स्टँडवर दुसऱ्या टांगेवाल्यानं हसत हसत सांगितलं.

त्या दिवसापासून बाप-लेकाचं सुरू झालं. भिंत कुडाची, मला सगळं ऐकू यायचं.

"शाळेत का जात नाय?"

"जमत नाय."

"मग टांग्यावर बस माझ्यासंगं."

"टांग्याचं काय राहिलंय, दादा? मला रिक्षा शिकायची."

"आजानं घोडी राखली, बापानं राखली, आन् तू डबडं हाकणार?"

"मी घोडा नाय, दादा. लगाम वढला की वळायला."

हे ऐकून मी इकडं हसलो होतो. पोराला तोंड होतं, बापाचंच होतं. गॅरेजचा मिस्त्री त्याला हप्त्याला काही द्यायचा, त्यातून त्यानं मोठ्या कॉलरचा शर्ट शिवला, मानेवर केस वाढवले, कान झाकतील असे. झुंबरचं सगळं लक्ष त्या केसांवर जाऊन बसलं. शाळा गेली, रिक्षा आली, सगळं त्याला केसांतच दिसायला लागलं. सकाळी उठला की पहिला शब्द, "केस काप." जेवताना, "केस काप." पोरगं हसायचं नाही, रागवायचंही नाही, ताट उचलायचं आणि उंबऱ्यात जाऊन बसायचं. बाप बोलला नसता तर मला वाटतं वर्षभरात त्यानं आपणहून कापले असते. त्या वयात केस वाढतात आणि पडतातही.

एके दिवशी सहादू गॅरेजातून स्टँडवरून चालला होता. झुंबरनं त्याला हाक मारली, "इकडं ये, हरणीचा नाल बघ जरा." पोरगं सरळ मनानं आलं, खाली वाकून नाल बघायला लागलं. तोवर दोन टांगेवाल्यांनी त्याला बगलेत धरलं, आणि फुटपाथवर बसणारा न्हावी वस्तरा घेऊन पुढं आला. सगळं आधी ठरलेलं. भर चौकात चकोट केला. टांगेवाले हसत होते. झुंबरही हसत होता, म्हणत होता, "आता कसा माझा सहादू दिसतोय!" त्यात त्याला काही वाईट वाटलं नाही, हे मी सांगतो. त्याला खरंच आनंद झाला होता. नाल बघायला बोलावून पकडलं, हे मात्र पोरगं कधी विसरलं नाही.

तो उठला, अंगावरचे केस झटकले आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी टांगा जोडायला झुंबर अंगणात आला तर टांग्याला दिवे नव्हते. दोन्ही बाजूंना नुसते खिळे.

सहादू उंबऱ्यातच बसला होता, बोडकं डोकं घेऊन. पळून गेला नाही, लपला नाही.

"दिवे कुठंयत?"

"मोडीत इकले. भंगारवाल्याला."

"का?"

"माझे केस तू इचारून कापले का?"

नवसाबाई मध्ये पडली. "बाबू, जा, घेऊन ये परत. जा रे बाबा." पोरगं जागचं हललं नाही. झुंबरचा हात वर उठला आणि तसाच राहिला. घोडीवर न उठणारा हात तो, पोरावर कसा पडावा? मला कधी कधी वाटतं, पडला असता तर बरं झालं असतं. दोन तडाखे, पोरगं रडलं असतं, आईनं हळद लावली असती. पण झुंबरला त्याचा बाप आठवला. त्यानं पोराच्या हाताला धरलं आणि म्हणाला, "चल."

मला म्हणाला, "धोंडीराम, तू पण चल."

वाटेत मला कळलं की हा चौकीवर निघालाय. मी म्हणालो, "झुंबर, हे गाव नाही रे बाबा. इथं पाटील नाहीत."

"तू घास इक," तो म्हणाला.

चौकीत एक वयस्क हवालदार चहा पीत बसला होता. भला माणूस होता, त्याला मी आजही नावं ठेवत नाही.

"साहेब, हा माझा पोरगा," झुंबर म्हणाला. "चोर हाय."

हवालदारानं पोराच्या बोडक्या डोक्याकडं बघितलं. "काय चोरलं?"

"टांग्याचे दिवे. पितळी."

"घरातलेच? मग घरीच द्यायच्या ना दोन ठेवून."

"मी हात लावत नाय साहेब. तुमीच जरा धाक दावा. दुपारी येऊन घेऊन जातो."

"हे बघा, इथं धाकबिक काही नसतो. तक्रार द्यायची असेल तर द्या, लिहून घेतो. आणि नीट विचार करा. एकदा लिहिलं की लिहिलं."

शब्दन् शब्द पाटलांचा! झुंबरचा चेहरा असा फुलला की काय सांगू. त्याला वाटलं, हवालदार जाणता आहे, त्यानं खेळ ओळखला. त्यानं माझ्याकडं बघून हळूच डोळा मारला. देवाशपथ सांगतो, डोळा मारला.

"लिहा साहेब," तो म्हणाला. "चांगलं ठळक लिहा. दिव्यांवर भागलं नाय ह्याचं. गॅरेजातून रिक्षाची बॅटरी गेली, ती ह्यानंच नेली. गल्लीतली सायकल ह्यानंच पळवली. लय दिवसांची सवय हाय."

मी त्याची बंडी मागून ओढली. त्यानं माझा हात झटकला.

"दादा?" सहादू म्हणाला. "काय बोलतो तू?"

आता पोरगं रडणार, पाया पडणार, याची झुंबर वाट बघत होता. त्याच्या तोंडावर ते दिसत होतं. 'नाय ओ, नाय' ऐकायला त्याचे कान आतुर झाले होते. पण सहादू चावडीवर कधी गेलाच नव्हता, त्याला हा खेळ माहीत नव्हता. त्यानं फक्त ऐकलं की आपला बाप पोलिसासमोर आपल्यावर खोटं बोलतोय. मग आपणच जाऊन भिंतीजवळच्या बाकावर बसला. हवालदारानं विचारलं, "खरं आहे का रे?" तर म्हणाला, "बाप सांगतोय ना, मग असंल."

झुंबरनं खाली सही केली. सही त्याला छान यायची, तिचा त्याला अभिमान होता.

दुपारी नवसाबाईनं भाकरी, ठेचा आणि पोराला आवडतो म्हणून शेवयांचा गोड भात बांधून दिला. झुंबर मला मागं बसवून टांगा घेऊन गेला, पोराला टांग्यात बसवून आणायचं म्हणून. मला म्हणाला, "पुढं बसवतो आज, माझ्याशेजारी. लगाम देतो हातात."

चौकीत सहादू नव्हता.

"रिमांड होमला पाठवला," हवालदार म्हणाला. "अल्पवयीन आहे, इथं ठेवता येत नाही. भंगारवाल्याकडून दिवे पण जमा केलेत. तुम्ही मुलांच्या कोर्टात या, तारीख कळवतील."

"आवो पण मी आलोय ना न्यायला!"

"गांगुर्डे, तुम्हीच दिलंय ना लिहून?"

मग झुंबरनं त्याला चावडीची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, जत्रा, खांब, पाटलीणबाईंचं ताक. हवालदारानं मध्ये न बोलता ऐकून घेतली आणि म्हणाला, "मी पाटील नाही हो." असं म्हणाला की त्यालाच वाईट वाटत होतं.

कोर्टाच्या आधी एक तरुण प्रोबेशन अधिकारी गल्लीत चौकशीला आला. गॅरेजच्या मिस्त्रीनं त्याला सांगितलं, "बॅटरी गेली हे खरं, पण ह्या पोरानं नेली असं मी म्हणणार नाय. कामाचं पोरगं हाय." सायकल तर कुणाची गेलीच नव्हती. अधिकाऱ्यानं मला विचारलं, बाप मारतो का? मी त्याला यात्रेकरूची गोष्ट सांगितली. तो हसला. मग झुंबरकडं वळला.

"मुलाशी बोलणं होतं का तुमचं?"

"रोज होतं की."

"काय बोलता?"

झुंबर बोटं मोजायला लागला. "ऊठ म्हणतो. जेव म्हणतो." तिसरं बोट धरलं. "केस काप म्हणतो."

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं का नाही, मला ठाऊक नाही. पण तेव्हापासून झुंबरनं मला पुष्कळदा विचारलं, "धोंडीराम, बाप आन् पोरगं दुसरं काय बोलत्यात रे?"

मुलांचं कोर्ट म्हणजे नेहमीचं कोर्ट नव्हे. साधी खोली, एक मॅजिस्ट्रेट आणि शेजारी एक प्रौढ बाई, दोघं सावकाश बोलणारे. आधी नवसाबाईला मुलाचं नाव विचारलं. ती गप्प. परत विचारलं, परत गप्प. मान खाली घालून म्हणाली, "आमच्या मामंजींचं." त्या बाईंना कळेना. मी उभा राहून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं बरं, असू द्या."

झुंबरनं हात जोडले. "साहेब, दिव्यांचं तेवढं खरं. बाकी मी खोटं बोललो."

"पोलिसांत सही कुणाची आहे?"

"माझीच. पण ते धाक दावायला होतं."

मॅजिस्ट्रेटनी कागद बाजूला ठेवला. खरं सांगतो, त्यांना पोराला घरी पाठवायचं होतं. ते सहादूकडं वळले. डोक्यावर बोटभर केस आले होते. "हे बघ बाळ, वडील तुला न्यायला आलेत. मी तुला त्यांच्या ताब्यात देतो. चांगला राहशील ना? जातोस घरी?"

खोलीत सगळे त्याच्याकडं बघत होते. जन्मात पहिल्यांदा त्याला कुणी विचारलं होतं की बाबा, तुला काय करायचंय.

"नाय," सहादू म्हणाला.

"का रे? मारतात का?"

"मारत नाय."

"मग?"

"ते बोलवतात एकासाठी आन् करतात दुसरंच. मी त्यांच्यासंगं नाय जाणार."

बाईंनी पुष्कळ समजावलं. आईनं हात पुढं केला. "चल की रे बाबू." पोरगं आईच्या पायांकडं बघत राहिलं, पण पाय उचलला नाही. शेवटी त्याला अठरा पुरी होईपर्यंत दुसऱ्या जिल्ह्यातल्या सुधारशाळेत पाठवायचं ठरलं. पितळी दिवे मालकाला परत करा, असा हुकूम झाला. झुंबर गेला होता पोरगं आणायला, आला एका हातात एक आणि दुसऱ्या हातात एक दिवा घेऊन.

ते त्यानं परत टांग्याला लावले नाहीत. खोलीत दाराशेजारच्या खुंटीला टांगले. दर शुक्रवारी घासायचा मात्र, दोन्ही एकट्यानं.

सुधारशाळेत तो भेटायला जायचा. सहादू बाहेर यायचा, आईनं दिलेलं घ्यायचा, बापाशी बोलायचा नाही. तिथं त्याला सुतारकाम शिकवलं, ते तो चांगलं शिकला म्हणे. दुसरंही शिकला, ते तिथं कुणी शिकवत नव्हतं. पोरं एकमेकांनाच शिकवतात. सुटल्यावर घरी आलाच नाही. अंबडला कारखाने नवे निघत होते, तिकडं कुणाबरोबर तरी राहतो, असं कानावर आलं. मग एक दिवस तोच हवालदार गल्लीत आला, आता केस पिकलेला. सहादूला रिक्षाच्या बॅटऱ्या चोरताना पकडलं होतं, आणि या वेळी खरोखर.

झुंबर मला घेऊन गेला. सहादू आता बापापेक्षा वीतभर उंच झाला होता. केस परत मानेवर आले होते. आम्हाला बघून हसला. झुंबर म्हणाला, "का केलं रे असं?"

"तूच तर लिहून दिलंयस," सहादू म्हणाला. "'बॅटरी ह्यानंच नेली' म्हणून. आता माझा बाप खोटं बोलला असं लोकांनी म्हणायचं का?"

आणि हवालदाराकडं वळून, "मामा, ह्यांना इचारा. हे वळखतात मला लहानपणापासून."

चौकीत धरून आणलेली दुसरी दोन पोरं हसली. झुंबर मागं फिरला, बाहेर येऊन हरणीच्या मानेला हात लावून उभा राहिला. "तोंड लय चालतंय पोराचं," एवढंच म्हणाला. त्यानंतर मी त्याला तमाशाची गोष्ट सांगताना कधी ऐकलं नाही. स्टँडवर नवा कुणी म्हणाला, झुंबरभाऊ, ती चावडीची सांगा, तर तो उठून घोडीला तोबरा बांधायला जायचा.

हरणी पुढच्या साली गेली. टांगाही गेला. झुंबर एका कारखान्याच्या गेटवर पहारेकरी झाला, अंबडला. मुद्दाम अंबडला. सुट्टीच्या भोंग्याला गेटातून पोरांचा लोंढा निघाला की हा प्रत्येकाच्या मानेवरचे केस बघत उभा.

आणि सहादू आला एकदा घरी. नवसाबाईला टायफॉइड झाला होता, कुणीतरी त्याला कळवलं. दिवसाउजेडी आला, आईच्या उशाशी बसला, मोसंबी सोलून दिली. मीही तिथंच होतो. जाताना दाराशी थबकला. खुंटीवर दिवे होते.

"हे अजून हायेत?"

झुंबर लगबगीनं उठला, दिवे खाली काढले आणि त्याच्यापुढं धरले. "ने. तुझेच हायेत. ने रे."

सहादूनं एका दिव्याच्या पितळेवरून अंगठा फिरवला. लहानपणी घासायचा तो, त्याच बाजूचा. क्षणभर मला वाटलं, घेतोय. आता घेतोय.

"दिलेलं नको," तो म्हणाला. "लागलं तर चोरून नेईन." आणि गेला.

तुम्ही म्हणाल, टाकून बोलला. बोललाच. पण झुंबरनं त्या बोलण्यातला एकच शब्द धरला, 'नेईन'. दुसऱ्या दिवसापासून त्यानं दाराला कडी लावणं सोडलं. दिवे खुंटीवरून काढून बाहेरच्या पडवीत, हाताला येतील असे टांगले. शेजारी ओरडायचे, अहो, पंचवटीत यात्रेकरूंची चप्पल राहत नाही, तुम्ही पितळ बाहेर ठेवताय? हा म्हणायचा, "ज्याचं हाय त्यो नेईल." कामावरून आला की आधी पडवीत बघायचा. दिवे जागेवर दिसले की खांदे पडायचे. नवसाबाई आजारातून उठली आणि हे रोज बघायला लागली. चोर लोकांनीही कमाल केली. साऱ्या गल्लीत चोऱ्या झाल्या, ह्या दिव्यांना कुणी हात लावला नाही.

आणि एका दिवशी झुंबर माझ्या दुकानात धावत आला. टांगे बंद झाले तेव्हा घास सोडून मी भाजीचं दुकान टाकलं होतं. हा धापा टाकतोय, डोळ्यांत पाणी, हातात गूळ-शेंगदाण्याचा पुडा.

"धोंडीराम, नेले! नेले रे!"

"काय नेले?"

"दिवे! सहादू येऊन गेला! आरं, आमच्या घरी चोरी झाली!"

भर बाजारात ओरडून सांगत होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवत होता. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. इतका आनंदी माणूस मी त्याच्या आधी आणि नंतर पाहिला नाही.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. झुंबर पाटावर बसला होता, परत परत सांगत होता की बघ, येताना पाय वाजू दिला नाही, आईची झोप मोडू नये म्हणून. नवसाबाईनं मला पाणी दिलं. तांब्या नवाकोरा होता. जड, पितळी, ठोक्याठोक्यांचा, भांडी बाजारात तांबटाकडं जुनं पितळ मोडीत देऊन घेतात तसला. मी तांब्याकडं बघितलं. मग तिच्याकडं. तिनं पदर डोक्यावर ओढला.

झुंबरनं तोच तांब्या उचलला, वरून घटाघट पाणी प्याला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "म्हणाला व्हता का नाय मला? चोरून नेईन म्हणून? शब्दाचा पक्का निघाला."

मी जायला उठलो. नवसाबाई माझ्यामागं अंगणापर्यंत आली.

"वहिनी," मी हळूच म्हणालो, "हे कशाला केलंत?"

"रोज दारात बघून बघून मरायला लागले व्हते भाऊजी. आता झोपतील तरी."

"आणि तुम्ही?"

ती गल्लीच्या तोंडाकडं बघत होती. त्या बाईनं पंचवीसेक वर्षांत जे नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं, कोर्टात साहेबासमोर काढलं नव्हतं, ते त्या दिवशी सरळ घेतलं.

"सहादू आला नाय भाऊजी," ती म्हणाली. "मला ठाव हाय ना."

आतून झुंबर हाक मारत होता. शेजारचं कुणीतरी आलं होतं, त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायचं होतं आणि तांब्यात पाणी उरलं नव्हतं.